पांढऱ्या ठिपक्याचे मोल

चिन्हमीमांसेच्या तासाला रने मॅग्रितचे १९२९ सालचे ते पाईपचे चित्र आपल्याकडे इतक्या वेळा दाखवून झाले आहे की विद्यार्थी आता त्याच्याकडे पाहतही नाहीत. चित्र आणि वस्तू, शब्द आणि अर्थ यांमधल्या दरीविषयी जे बोलायचे ते सगळे बोलून होते. मिशेल फूकोने त्या चित्रावर लिहिलेल्या पुस्तिकेचे दाखलेही देऊन होतात. एवढ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही : तसे पाईप करत कोण होते? चित्रातल्या पाईपबद्दल असे विचारणे अप्रस्तुत आहे, असे कुणी म्हणेल. मान्य. पण खऱ्या, हातात धरायच्या, तंबाखू भरून पेटवायच्या पाईपांबद्दलही तो विचारला जात नाही, ही आमची तक्रार आहे. तिथे विचारला जातो तो वेगळाच प्रश्न : शिक्का कोणाचा?

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पाईपांच्या जगात ज्यांना ‘कामचलाऊ’, ‘दुय्यम’, ‘नवशिक्यांपुरते ठीक’ अशी विशेषणे लावून बाजूला सारले जाते, त्यांपैकी अनेक निर्मात्यांचे काम चोख आहे आणि किमतीच्या मानाने तर फारच चोख आहे. त्यांना कमी लेखणे हा अनवधानाने घडलेला अन्याय नाही. वरच्या नावांची किंमत वर राहावी यासाठी खालच्यांचे खाली असणे गरजेचे असते, म्हणून ते घडते. आणि या व्यवहाराला ‘अभिरुची’ असे भारदस्त नाव देणारे जे जाणकार आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

साहित्याच्या चर्चेत हा विषय कशाला, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर सोपे आहे. पाईप ही वस्तू आपल्यापर्यंत मुळात साहित्य-नाटक-सिनेमांतूनच पोचली. गुडघ्यापर्यंत गाऊन घातलेला, जिन्यावरून सावकाश उतरणारा, मुलीच्या प्रेमविवाहाला नकार देणारा रायसाहेब आठवावा. त्याच्या हातातला पाईप धूर काढण्यासाठी नसून त्याची इस्टेट सुचवण्यासाठी असे. म्हणजे आपण पाईप प्रथम पाहिला तोच प्रतिष्ठेची खूण म्हणून. वस्तू पाहण्याआधी तिच्यावरचे नाव वाचायचे, ही सवय साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना काही परकी नाही. फरक इतकाच की पुस्तकाच्या बाबतीत आपण ती सवय नाकबूल करतो, आणि पाईपवाले ती उघडपणे मिरवतात.

तंबाखूबद्दलही एकदाच बोलून घेऊ. आमच्यापैकी दोघे-तिघे पाईप ओढतात, उरलेले त्यांच्यापासून लांब, खिडकीपाशी बसतात. धूर छातीत ओढला जात नाही म्हणून पाईप निरुपद्रवी आहे, हा समज खोटा आहे. तोंडाचे आणि घशाचे कर्करोग पाईपवाल्यांनाही होतात. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करावे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. पण वस्तू चांगली घडली आहे की वाईट, हा प्रश्न तिच्या वापराच्या परिणामांहून वेगळा विचारता येतो. तलवारींबद्दल तो आपण विचारतोच.

तर, चांगला पाईप म्हणजे काय? बहुतेक पाईप ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या बुंध्याला, मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे, जमिनीखाली वाढणारी गाठ. कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया इथल्या डोंगरांतून ती खणून काढतात, चिरेपर्यंत ओली ठेवतात, करवतीवर तिचे ठोकळे पाडतात, ते ठोकळे तासन्‌तास उकळून त्यांतला चीक काढतात आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, सावलीत वाळवतात. ही गाठ घट्ट असते आणि विस्तवाची धग सोसते. इतर बहुतेक लाकडे जिथे जळून जातील तिथे ती टिकते. यानंतरचे काम कातकामाचे आणि भोक पाडण्याचे. तंबाखू भरायच्या खळग्याच्या अगदी तळाशी, बरोबर मधोमध, दांडीतले भोक येऊन मिळाले पाहिजे. ते वर राहिले तर तळाची तंबाखू ओली होऊन तशीच राहते. खळग्याच्या भिंती पुरेशा जाड हव्यात, म्हणजे हात भाजत नाही. तोंडात धरायची नळी दातांना बोचू नये इतकी पातळ आणि तुटू नये इतकी जाड हवी. आतला मार्ग इतका सरळ हवा की साफ करायची तार न अडखळता आरपार जावी. बस्स. पाईप चांगला ओढला जाईल की नाही, याचा निर्णय मुख्यत्वे एवढ्यावर होतो. आणि यांतली प्रत्येक गोष्ट नीट लावलेल्या यंत्रावर, सरावलेल्या हाताने, शंभर डॉलरच्या आत साधता येते.

मग शेकडो, हजारो डॉलर कशाचे? लाकडावरच्या रेघांचे. ब्रायरच्या गाठीतले तंतू खालून वर सरळ उभे दिसत असतील तर पाईपची किंमत कित्येक पट होते. लाकडात जन्मतःच असलेला एखादा खड्डा लुकण भरून बुजवला असेल तर किंमत कोसळते. आता, रेघा सरळ असल्याने धूर गार होतो किंवा तंबाखू गोड लागते, असे कुणीही दाखवून दिलेले नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मोहरीएवढे लुकण असल्याने आत काहीही बिघडत नाही. सौंदर्य म्हणून सरळ रेघा जरूर मोलाच्या माना. आम्हांलाही त्या आवडतात. पण मग ‘दर्जा’ हा शब्द वापरू नका. ज्यांनी अलंकारालाच काव्याचा आत्मा मानले त्यांच्याशी आपल्या शास्त्रकारांनी किती शतके वाद घातला! तो वाद इथे अजून सुरूच झालेला नाही.

आता ठिपक्याकडे वळू. आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले. आरंभी तो दुसऱ्या कारागिरांनी केलेले पाईप विकत असे. स्वतःची कार्यशाळा १९१० मध्ये सुरू झाली. काळ्या नळीवर बसवलेला पांढरा ठिपका त्यानंतर आला. नळीची वरची बाजू कोणती हे गिऱ्हाइकाला कळावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता असे सांगतात. म्हणजे ती वापरण्याची सूचना होती. पुढे सूचनेचे निशाण झाले, आणि आज स्थिती अशी की ठिपका दिसला की पाईप खिशातून काढताना आपोआप वरची बाजू लोकांकडे होते.

डनहिलचे काम वाईट होते वा आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९१७ साली पेटंट घेतलेली वाळूचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करण्याची त्यांची युक्ती हा खरोखरच नवा विचार होता : मऊ लाकूड झडते, कठीण उरते, आणि गाठीच्या आतली रचना शिंपल्यासारखी उघडी पडते. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्याच घराण्याची दुसरी कहाणी फारशी सांगितली जात नाही. जे पाईप ठिपक्याच्या परीक्षेत नापास होत, ते पुरे करून विकण्यासाठी डनहिलने १९२२ च्या सुमारास पार्कर नावाची निराळी कंपनी काढली. लाकूड तेच, नाव वेगळे, किंमत वेगळी. नापास कशामुळे, तर बहुतेक वेळा डोळ्याला खुपणाऱ्या एखाद्या डागामुळे. लंडनच्या इतर घराण्यांनीही हीच रीत ठेवली होती. आपले दुय्यम पाईप ती परक्या वाटतील अशा नावांनी विकत. जुन्या पार्करचा पाईप ज्याने ओढला आहे त्याला या ‘नापास’ शब्दाची गंमत कळेल. परीक्षकाच्या चष्म्याला खटकलेला, पण उत्तरपत्रिका पूर्ण बरोबर असलेला विद्यार्थी आपणही पाहिलेला असतो.

पण लंडन ही या कथेतली राजधानी आहे. गाव दुसरेच आहे. फ्रान्सच्या पूर्वेला, ज्युरा पर्वतात, बिएन आणि ताकों या दोन नद्यांच्या संगमावर सें-क्लोद नावाचे गाव वसले आहे. संताच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथले कातारी लाकडाच्या जपमाळा, डब्या, मूर्ती करीत. नदीच्या पाण्यावर चाके फिरत, हिवाळा लांब असे, आणि हात रिकामे ठेवणे परवडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रायर त्यांच्या हाती आले आणि काही दशकांत हे गाव जगाला पाईप पुरवू लागले. हजारो माणसे या धंद्यात होती. ठोकळे पाडणारे, कातणारे, भोक पाडणारे, घासणारे, रंग देणारे असे कामाचे भाग पडलेले होते, आणि एका पाईपवरून कितीतरी हात फिरत. या हातांनी आणखी काय केले तेही सांगायला हवे. सें-क्लोदच्या कामगारांनी १८८१ मध्ये ‘ला फ्रातेर्नेल’ हे सहकारी भांडार काढले आणि १९१० च्या सुमारास स्वतःचे लोकगृह उभारले. त्यात उपाहारगृह होते, नाट्यगृह होते, छापखाना होता, ग्रंथालय होते. ‘अनाम कारागीर’ म्हटले की आपल्या मनात जे मुके, भाबडे चित्र उभे राहते, त्याच्याशी ही माणसे जुळत नाहीत. ती वाचत होती, छापत होती, नाटके करीत होती. नाव नव्हते ते फक्त त्यांच्या पाईपांवर.

पाईपांवर नाव असे लंडनचे. इंग्रज दुकानदार सें-क्लोदहून माल मागवत आणि आपला शिक्का मारून विकत. कोमॉय घराण्याची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. हे कुटुंब सें-क्लोदचे. फ्रांस्वा कोमॉयने १८२५ मध्ये तिथे पाईप करायला सुरुवात केली. त्यांच्यातला आंरी कोमॉय १८७९ मध्ये लंडनला गेला, तिथे कारखाना काढला, आणि ‘कोमॉय्ज ऑफ लंडन’ हे नाव इंग्रजी पाईपांतले मानाचे नाव झाले. इकडे सें-क्लोदमध्ये राहिलेल्या कुटुंबाने शाप्वी घराण्याशी भागीदारी केली. दोन्ही नावांच्या आरंभीची अक्षरे जोडून ‘शाकोम’ हे नाव तयार झाले. शाकोम आजही सें-क्लोदमध्ये पाईप करते, त्याचे साधे नमुने शंभर डॉलरच्या आसपास मिळतात, आणि संग्राहकांच्या याद्यांत ते ‘बरे’ या खान्यात पडतात. जुना लंडनी कोमॉय मात्र ‘अभिजात’. एकाच घरातले दोघे भाऊ. एक बोटीने इंग्लंडला गेला, एवढाच फरक.

रॉपचेही तसेच. १८६९ मध्ये अजेन रॉपने साल न काढलेल्या जंगली चेरीच्या लाकडाच्या पाईपचे पेटंट घेतले. दिसायला ओबडधोबड, खेडवळ, स्वस्त. पुढे ब्रायरचे पाईपही या नावाने होऊ लागले. आता हे नाव शाकोमच्याच मालकांकडे आहे, आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी एक शहाणपणाचे काम केले : काही दशकांपूर्वी कातून ठेवलेले आणि गोदामात पडून राहिलेले ब्रायरचे भाग बाहेर काढून, त्यांना नव्या नळ्या बसवून ते विकायला आणले. म्हणजे ज्या ‘जुन्या, मुरलेल्या लाकडा’साठी जाणकार वाटेल ती किंमत मोजतात, ते लाकूड इथे साध्या पाईपच्या भावात मिळत होते. त्याचे कौतुक काय झाले? ‘पैशाच्या मानाने छान.’ हा शेराच आम्हांला सगळ्यात जास्त खुपतो. दिसायला स्तुती, पण आतून वर्गवारी. महागड्या पाईपबद्दल ‘पैशाच्या मानाने’ असे कुणी कधी म्हणत नाही, आणि हिशेब मांडायचा तर तो तिथेच मांडायला हवा.

नावाचा महिमा किती, हे पाहायचे तर तंबाखूचे एक उदाहरण पुरेसे आहे. डनहिल नावाची पाईप-तंबाखू २०१८ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये त्यांतली बरीच मिश्रणे पीटरसन या नावाने परत आली. भरणारा कारखाना तोच, डेन्मार्कमधल्या स्कँडिनेव्हियन टोबॅको ग्रुपचा; डब्यावरचे मिश्रणाचे नावही तेच, फक्त वरचा शब्द बदललेला. तरीही जुन्या शब्दाचे डबे साठवणारे आणि चढ्या भावाने विकणारे निघालेच. तंबाखू बंद डब्यात मुरते आणि तिची चव बदलते हे आम्हांला ठाऊक आहे. पण आदल्या वर्षीच्या डब्यात आणि पुढच्या वर्षीच्या डब्यात मुरण्याचा एवढा फरक पडत नाही. फरक छापील शब्दात होता, आणि तो जिभेला जाणवला! वाचकाच्या अपेक्षेने संहिता कशी घडते, हे शिकवताना आमच्या अध्यापक मित्रांनी हे उदाहरण अवश्य वापरावे.

यापुढचा टप्पा अमेरिकेत, मिझूरी नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या लहान गावी. इथे हॉलंडहून आलेला हेन्री टिबी नावाचा कातारी राहत होता. एका शेतकऱ्याने दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा पाईप त्याच्याकडून कातून घेतला, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, १८६९ पासून टिबी असे पाईप विकू लागला हे नक्की. १८७८ मध्ये त्याने पेटंट घेतले ते कणसाच्या बाहेरच्या बाजूवरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून ते कणखर करण्याच्या कृतीचे. कंपनीचे आजचे नाव, मिझूरी मीरशॉम, १९०७ पासूनचे. मीरशॉम हा तुर्की दगड. त्याच्याइतका हलका आणि गार धूर देणारा, असा दावा त्या नावात आहे, आणि थोडी थट्टाही. एके काळी त्या भागात असे पाईप करणारे डझनभर कारखाने होते. आज हा एक टिकून आहे.

या पाईपकडे जाणकारांनी ज्या नजरेने पाहिले आहे ती नजर पाहण्यासारखी आहे. मार्क ट्वेनच्या तोंडात तो असतो तेव्हा तो ‘अस्सल’. जनरल मॅकार्थरच्या तोंडात उंच खळग्याचा तोच पाईप असतो तेव्हा तो ‘बाणेदार’. दुकानात दहा डॉलरच्या आसपास टांगलेला असतो तेव्हा मात्र तो ‘खेळणे’. पाईप तोच असतो. त्याचे दोष आम्ही लपवत नाही. नळी प्लास्टिकची असते, लाकडी दांडीचे टोक खळग्याच्या आत डोकावते, आणि ब्रायरइतका तो टिकत नाही. पण गुण मोजा. तो पहिल्याच दिवशी नीट ओढला जातो. ब्रायरला जशी आतून काजळीचा थर धरेपर्यंत आठवडेच्या आठवडे मनधरणी करावी लागते तशी याला लागत नाही. कणीस ओलावा शोषून घेते, म्हणून धूर कोरडा राहतो. हलका इतका की दातांत धरून दोन्ही हातांनी काम करता येते. आणि कच्चा माल म्हणून इथे वाटेल ते कणीस चालत नाही. त्यासाठी जाड कणसाचा खास मका पिकवतात आणि कणसे दीर्घकाळ वाळवून मगच कातायला घेतात. एवढी काळजी घेऊन केलेल्या वस्तूला खेळणे म्हणायचे, कारण ती शेतातून आली! ग्रामीण कादंबरीला ‘प्रादेशिक’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवणाऱ्यांना ही मनोवृत्ती ओळखीची वाटेल.

मीरशॉमचा उल्लेख आलाच आहे. हा पांढरा, मऊ, नखाने ओरखडता येणारा दगड तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या परिसरात जमिनीखालून काढतात. तुर्की भाषेत त्याचे नावच ‘लुलेताशी’, म्हणजे पाईपच्या भांड्याचा दगड. एकोणिसाव्या शतकात हा दगड कच्च्या स्वरूपात व्हिएन्नाला जाई, तिथे कोरला जाई, आणि कीर्ती व्हिएन्नाची होई. आज कोरीवकाम एस्किशेहिरमध्येच होते, पण कारागिराचे नाव क्वचितच पुढे येते. आणि संग्राहकांच्या मनात पगडी घातलेल्या सुलतानाचे मुंडके कोरलेला ‘पर्यटकांचा पाईप’ अशीच त्याची प्रतिमा पक्की झाली आहे. साधे, न कोरलेले, गुळगुळीत मीरशॉम पाईप तिथेच होतात. ते त्याच दगडाचे असतात आणि तितकाच गार धूर देतात. आम्ही त्यांविषयी अधिक लिहीत नाही, कारण कोरीवकामाची चर्चा ती कला जाणणाऱ्याने करावी; मात्र सुलतानाच्या मुंडक्यामागे दगड झाकला गेला आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

डेन्मार्कच्या स्टॅनवेलबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तिथे आमच्या प्रतिपक्षाचा मुख्य आधारच ढासळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रायर मिळेनासे झाले तेव्हा पॉल नील्सन नावाच्या उद्योजकाने बीचच्या लाकडाचे पाईप करायला घेतले. युद्ध संपल्यावर ब्रायर आले, आणि नील्सनने आपल्या पाईपांना ‘स्टॅनवेल’ हे इंग्रजी वळणाचे नाव दिले. प्रतिष्ठा इंग्रजी पाईपांना होती, डॅनिश नावाला कोण विचारतो! पण त्याने आणखी एक गोष्ट केली. कोपनहेगनमध्ये स्थायिक झालेला सिक्स्टन इवारसन हा मूळचा स्वीडिश कारागीर मोडके पाईप दुरुस्त करता करता स्वतःचे पाईप करू लागला होता. आधी भोके पाडून त्याभोवती आकार कातायचा, ही जुनी पद्धत. इवारसनने आधी आकार घडवला आणि भोके मागाहून पाडली, त्यामुळे आकार यंत्राच्या तावडीतून सुटला. आधुनिक डॅनिश पाईपचा तो जनक मानला जातो, आणि त्याने हाताने केलेल्या पाईपांना आज हजारो डॉलर मोजले जातात. त्याच इवारसनने स्टॅनवेलसाठी आकार आखून दिले, आणि ते कारखान्यात हजारोंनी तयार झाले. म्हणजे थोर लेखकाची संहिता, स्वस्त आवृत्तीत. स्वस्त आवृत्तीचा कागद पातळ असेल. पण कविता तीच राहते.

प्रतिपक्ष म्हणेल : नाही, हाताच्या स्पर्शाने फरक पडतो. एक कारागीर दोन-तीन दिवस एकाच पाईपवर खपतो, त्याच्या वेळेचे मोल नको का द्यायला? द्या, जरूर द्या. एकट्याने बसून घडवणाऱ्या कलावंताला आमचा विरोध नाही. पण पांढऱ्या ठिपक्याचा पाईपदेखील कारखान्यातच होतो. त्याचाही खळगा यंत्रच कातते. ‘हस्तकौशल्य’ हा युक्तिवाद कलावंताच्या बाजूने मांडायचा आणि त्याचा फायदा ठिपक्याला मिळू द्यायचा, ही लबाडी आहे.

दुसरा युक्तिवाद पुनर्विक्रीचा. नामांकित पाईप विकला तर पैसे परत मिळतात, म्हणून तो ‘गुंतवणूक’. हा युक्तिवाद ऐकला की आम्हांला १८९३ सालची ‘द यलो फेस’ ही कॉनन डॉयलची कथा आठवते. एक अशील शेरलॉक होम्सची वाट पाहून निघून जातो आणि आपला पाईप विसरतो. होम्स त्या पाईपवरून माणूस ओळखतो. पाईप साडेसात शिलिंगांचा. दोनदा मोडलेला आणि दोन्ही वेळा चांदीची पट्टी बसवून दुरुस्त केलेला. प्रत्येक दुरुस्तीला मूळ किमतीहून अधिक खर्च झालेला. त्याच पैशात नवा घेता आला असता, तरी घेतला नाही, म्हणजे मालकाचा या वस्तूवर फार जीव आहे. होम्सने पाईप हातात घेऊन उलटसुलट पाहिला, त्याच्या खुणा वाचल्या. शिक्क्यावरून अनुमान काढणे हे त्याच्या बुद्धीला कमीपणाचे वाटले असते. गंमत अशी की याच होम्सच्या तोंडात आपण जो भोपळ्याचा मोठा वाकडा पाईप पाहतो तो डॉयलच्या एकाही कथेत नाही. कथांत आहेत ते मातीचे, चेरीचे आणि ब्रायरचे साधे पाईप. लोकांच्या मनातल्या होम्सला मात्र त्या साध्या पाईपांनी भागेना.

इतर नावे भराभर घेतो. इटलीच्या सॅविनेली कारखान्यातून ‘रॉस्सी’ या जुन्या नावाने निघणारे पाईप मधल्या किमतीच्याही खाली मिळतात. त्यांची भोके आम्ही पाहिली आहेत, सरळ असतात. डब्लिनच्या पीटरसनची ‘सिस्टिम’ ही १८९० ची पेटंट रचना दांडीत एक खोलगट जागा ठेवते, त्यात ओल साठते आणि जिभेपर्यंत पोचत नाही. तिच्या साध्या प्रतीत लुकण दिसते म्हणून नाके मुरडली जातात, पण रचना तीच असते. आणि पोलंडमधल्या प्शेमिश्ल या गावात नासपतीच्या लाकडाचे पाईप होतात. नासपती ब्रायरइतकी धग सोसत नाही, सावकाश ओढावा लागतो. पण वीस-तीस डॉलरमध्ये दुसरे कोण एवढे लक्षपूर्वक काम करून देते? त्या गावात घंटा आणि पाईप यांचे मिळून एक संग्रहालय आहे. एवढा मान या वस्तूला दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

आता आमच्याच बाजूवर येणारी एक शंका. ‘उपेक्षित’ हाही एक शिक्काच नव्हे काय? आज आम्ही रॉपची नावाजणी करावी, उद्या दहा संग्राहकांनी ते वाचावे, परवा किंमत दुप्पट व्हावी, आणि उपेक्षितांच्या यादीत आणखी एक नवे नाव शोधायला आम्ही बाहेर पडावे. साहित्यात हे होताना आपण पाहतो. दुर्लक्षित कवीचा शोध लागतो आणि त्या शोधाचे श्रेय शोधणाऱ्याला मिळते. ही शंका रास्त आहे. तिच्यावर आमच्याजवळ एवढाच उपाय आहे : नाव सांगताना भोक कुठे येते, भिंत किती जाड आहे, नळी कशाची आहे, हेही सांगायचे, म्हणजे वाचणाऱ्याला आमच्यावर विश्वास ठेवण्याऐवजी तार आरपार जाते की नाही हे स्वतः पाहता येईल.

आणि घाई आहे, हेही खरे. स्टॅनवेलचा बोरुपमधला डॅनिश कारखाना २०१० च्या सुमारास बंद झाला. पाईप आता इटलीत होतात. सें-क्लोदमध्ये हजारोंच्या जागी मोजकीच माणसे हे काम करतात. पाईप आणि हिरे यांचे संग्रहालय तिथेही आहेच. रॉपच्या गोदामातल्या त्या जुन्या कातलेल्या भागांचा साठा संपणारा आहे. तो संपला की नवे भाग कातावे लागतील. कातणाऱ्याला त्या दिवशी शंभर डॉलरच्या पाईपमागे जी मजुरी मिळेल, तिच्यावर तो लेथ चालू ठेवील की नाही हे ठरेल. आणि ती मजुरी आज ‘पैशाच्या मानाने छान’ असा शेरा मारून पुढे सरकणारे लोक ठरवत आहेत.